कुशाबाईचा वरचा रुपया

थेरगावात माझं पेंडीचं दुकान, त्यामुळे कुणाच्या गोठ्यात काय चाललंय हे मला त्या घरच्या माणसाआधी कळायचं. सावळारामची कुशाबाई पूर्वी शेरा-दोन शेरांनी पेंड न्यायची, तीही उधारीवर, आणि उधारीच्या शेरामागे मी पैसा-दोन पैसे जास्त लावायचो. धंदाच तो. मग एका महिन्याला ती रोख वीस रुपये घेऊन आली आणि सबंध पोतं उचलून घेऊन गेली. माझे वरचे पैसे बुडाले. हे वीस रुपये आले कुठून, ते कळल्याशिवाय मला घास गिळवला नसता, म्हणून विचारलं.

रहमतबीच्या पेटीतून, म्हणाली.

रहमतबी ही सायकलवाल्या मीरासाहेबांची बायको. गावच्या पाच मुसलमान घरांतल्या बायका रोज रांधताना मूठभर धान्य बाजूला काढायच्या. साठलं की विकायचं आणि पैसे रहमतबीच्या पत्र्याच्या पेटीत टाकायचे. गावातल्या कुणीही नडीला न्यावेत, सवडीनं परत आणावेत. व्याज नाही. व्याज त्यांना हराम. नेले तेवढेच परत, वर दमडी नको.

कुशाबाई हादरलीच. बिनव्याजी पैसे देणारं माणूस तिनं जन्मात पाहिलं नव्हतं, आणि मीही नाही. त्यात आमच्याकडची रीत अशी, की उसनं पीठ सपाट वाटीनं नेलं तर परत देताना शीग लावायची. सपाट परत केलं तर माणूस हलकं ठरतं. म्हणून महिनाअखेर कुशाबाईनं वीस रुपये फडक्यात बांधले आणि एक रुपया वर ठेवून दिला. रहमतबीनं तो पुढे सरकवला, हिनं मागे सरकवला. असं तीनदा झालं. शेवटी कुशाबाई हसत हसत उठून आली. पुढच्या महिन्यात पुन्हा वीस, पुन्हा वरचा रुपया. तिसऱ्या महिन्यापासून रहमतबीनं वाद घालणं सोडलं.

अडीच वर्षं असं चाललं. रोखीनं पोतं घेतल्यामुळे कुशाबाईचे महिन्याला चार-पाच रुपये वाचत होते, त्यातला एक ती अशी देऊन टाकत होती. हिशेबाला वाईट नव्हतं. वाईट होती तिची जीभ. नदीवर धुणं बडवताना ती सगळ्यांना सांगायची, "व्याज न्हाई म्हंत्यात तोंडानं. पर रुपया ठिवला की मुकाट उचलत्यात बगा."

बायका हसायच्या. मीही हसलोय.

त्याच सुमाराला पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहिला, कामगारांच्या चाळी आल्या आणि दूध पुरेना. सावळारामनं चाकणच्या बाजारात एक म्हैस हेरली आणि तीस रुपये इसारा देऊन बसला. पुढच्या शनिवारी बाकीचे दिले नाहीत तर म्हैसही गेली आणि तीस रुपयेही गेले. घरातलं सगळं झाडून पुसून ऐंशी कमी पडत होते. त्याला घोर नव्हता. पेटी होती ना.

मंगळवारी कुशाबाई गेली. रहमतबीनं बसायला पाट दिला, पाणी दिलं आणि सांगितलं की पेटीत काही नाही.

कुशाबाईला वाटलं, थट्टा चाललीय. रहमतबीनं पेटी उघडून दाखवली. तळाचा पत्रा दिसत होता. नदीवरची बोलणी पाचही घरांत पोचली होती. दोन घरांनी, व्याज खाणाऱ्या पेटीत आमची मूठ नको, म्हणून पैसे काढून नेले. बाकीचे लोकांकडे फिरत होते, ते आठवड्यात थोडेच येणार?

मग रहमतबीनं फडताळातून एक तांब्या काढून चटईवर पालथा केला. एकतीस रुपये. कुशाबाईच्याच फडक्यातले, तिनं दिले तसे.

"तू ऐकंनास, म्हणून वेगळे ठेवत गेले. तुझेच आहेत. पेटीला यांचा वाससुद्धा नाही लागू दिला."

कुशाबाई म्हणाली, "भाभी, मला सांगायचं तरी."

"सांगितलं होतं. तू हसलीस."

कुशाबाईनं पैसे उचलले नाहीत. तडक नदीवर गेली. तिथल्या बायकांना तिनं सगळं सांगितलं, स्वतःच्या तोंडात मारून घेतली आणि आपण पाच घरांवर आळ घेतला, हेही कबूल केलं. कुणाचा विश्वास बसला नाही. तिची जाऊ शकू म्हणाली, म्हशीसाठी पैसे हवेत म्हणून रहमतबीनं पढवून धाडलीय. कुशाबाई ओल्या दगडावर तशीच बसून राहिली. खोटं बोलली तेव्हा सगळ्यांना पटलं होतं.

पण त्या बायकांच्या कानात एक गोष्ट राहिली. माणसं खोटी असतील. तांब्यातले रुपये त्यांनी रहमतबीच्या घरी जाऊन बघितले, ते खरे होते. अडीच वर्षं दुसऱ्याचा पैसा घरात पडून होता आणि त्याला कुणी हात लावला नव्हता. आपापल्या घरात हे कुठल्या बाईला मिळत होतं? डब्यात ठेवा, नवऱ्याला सापडतं. उतरंडीत ठेवा, सासूला सापडतं.

गुरुवारी दुपारी शकू रहमतबीच्या दारात उभी राहिली आणि कमरेची पुरचुंडी सोडली. तिच्यामागे आणखी दोघी. आता हादरायची पाळी रहमतबीची. तिनं बजावलं, नुसते सांभाळून ठेवणार नाही, नडलेल्याला देईन, आणि व्याज मागाल तर आत्ताच परत न्या. शकू म्हणाली, "म्हशीला दे न्हाईतर गाढवाला दे. आमच्या मानसास्नी कळू नगं, म्हंजी झालं."

कुशाबाईचे एकतीस आणि या तिघींचे मिळून ऐंशीच्या वर गेले.

शनिवारी म्हैस आली. सगळे बघायला गेलो. शकूचा नवरा कासेकडे बघून म्हणाला, "सावळाराम, राव, एवढा पैका आणला कुठनं?" सावळारामनं मिशीवरून हात फिरवला. रिकाम्या झालेल्या पेटीत ते आले कुठून, हे त्याला तरी कुठं ठाऊक होतं? मी मनातल्या मनात त्याची पेंड, दूध, भाडं सगळं मांडून पाहिलं, पण ऐंशीचा मेळ बसेना.

सोमवारी कुशाबाई पेंडीला आली. मी म्हणालो, आता दोन जनावरं झाली, मला तरी खरं सांग, ऐंशी आले कुठून.

तिनं आधी पोतं बैलगाडीत टाकून घेतलं.

"दत्तोबा, म्हशीचा मागला पाय तुमचाच हाय. पंचवीस रुपयं. अंबुबाईंनी दिलं."

अंबुबाई म्हणजे माझी बायको. मी रोज गल्ला दोनदा मोजतो.