तेहतिसाव्या पानावरची चेरी

त्सोनका अगदी रंगात येऊन सांगत होती. दर गुरुवारी चार वाजता चितालिश्तेत, म्हणजे गावच्या वाचनगृहात, आठ-दहा म्हातारी माणसं जमत आणि कोणी काय वाचलं ते एकमेकांना सांगत. आज तिने मिठागरावरच्या सुईणीची कादंबरी आणली होती. हे वाचलं नाहीत तर जन्म फुकट, असंही तिचं म्हणून झालं. पण कोणी मान वर करून बघेना. मेतोदी, रेल्वेतला निवृत्त सांधेवाला, हातातला चीज भरलेल्या बानित्साचा, पापुद्र्याच्या भाजलेल्या पोळीचा, तुकडा उगाच कुरतडत बसला होता.

शेवटी कामेलियाबाई बोलल्या. त्या वाचनगृहाच्या नव्या प्रमुख, राजधानी सोफियाहून आलेल्या, वयाने त्सोनकाच्या मुलीएवढ्या.

"मावशी, हे तुम्ही मेमध्ये सांगितलं होतंत. ऑगस्टमध्येसुद्धा."

शेजारी बसलेली योर्दांका खुदकन हसली. त्सोनकाचे कान तापले.

सारा जन्म कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम केलेली बाई ती. हात अजून चोख होते, पण दोन वर्षांपासून वाचलेलं डोक्यात राहत नव्हतं. त्यावर तिचा इलाज होता. गावातले जुने वाचक पुस्तक वाचून झालं की तेहतिसाव्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आपली बारीक खूण करत. मेतोदीचा चौकोन, त्सोनकाची देठासकट चेरी. कपाटातून पुस्तक काढायचं, ते पान उघडायचं, चेरी दिसली की परत ठेवायचं. कोणाला विचारायला नको, कोणाला कळायला नको. या वर्षी मात्र एकाही पुस्तकात चेरी सापडत नव्हती. आपलं किती वाचायचं राहिलंय, म्हणून वेडी खूशच झाली होती.

"तेहतिसाव्या पानावर माझी खूण असायची," ती म्हणाली. "कुठे गेली?"

कामेलियाबाई पराक्रम सांगावा तशा सांगू लागल्या. सगळा हिवाळा त्यांनी एकटीने बसून दोन हजार पुस्तकं खोडरबराने पुसून स्वच्छ केली होती. आताही परत आलेलं प्रत्येक पुस्तक त्या तपासूनच कपाटात ठेवत. सार्वजनिक पुस्तकांवर रेघोट्या मारायच्या नसतात, हा नियम होता. आणि मावशींनी काळजी करू नये, सगळी नोंद कॉम्प्युटरवर होती.

"पुस्तक घेताना मला विचारत जा. वाचलंय की नाही, लगेच सांगेन. नाहीतर मीच निवडून देत जाईन."

त्सोनकाच्या मस्तकात तिडीक गेली. तिने पुस्तक टेबलावर आपटलं.

"तुला विचारू? दर वेळी सगळ्यांदेखत उभी राहून, बाई, हे मी वाचलंय का गं? माझं डोकं गळतंय, कामेलिया. पोटच्या मुलीलाही सांगितलं नव्हतं, ते आज चव्हाट्यावर आलं. त्या एवढ्याशा चेरीवर मी माझी पुस्तकं माझी मी निवडत होते. खोडरबर घेऊन बसलीस ते कुणाला विचारून?"

"मला माहीत नव्हतं, मावशी."

"मी तेच तेच सांगतेय हे या सगळ्यांना तर कळत होतं," त्सोनका इतरांकडे वळली. "ऑगस्टमध्ये का नाही बोललात? गुपचूप बानित्सा खात बसलात."

मेतोदी उठून कपाटांकडे गेला आणि तीन पुस्तकं घेऊन आला. त्याने ती तिच्यासमोर ठेवली. ही तू आम्हाला सांगितलेली, म्हणाला. मग एकेक जण उठलं. कोणी घोडेवाल्याचं पुस्तक आणलं, कोणी दोन सवतींचं. मघाशी हसलेली योर्दांका तर सात घेऊन आली, आणि प्रत्येकाबद्दल त्सोनका काय म्हणाली होती तेही तिने सांगितलं. ढीग त्सोनकाच्या हनुवटीपर्यंत आला.

तिने कोणाचे आभार मानले नाहीत. कामेलियाबाईंच्या टेबलावरची पेन्सिल उचलली आणि एकेका पुस्तकाचं तेहतिसावं पान उघडून चेरी काढत सुटली, कागद फाटेल इतकी दाबून. "आता यातली एक जरी पुसलीस तर बघ," ती मान वर न करता म्हणाली.

एका हिरव्या पुस्तकापाशी तिचा हात थांबला. तिने मुखपृष्ठ पाहिलं, मागचा मजकूर वाचला. काही म्हणजे काही आठवेना.

"हे मला आवडलं होतं?"

"छे," मेतोदी म्हणाला. "त्या लेखकाला तासभर शिव्या घातल्या होत्यास."

त्सोनकाने पेन्सिल खाली ठेवली आणि पुस्तक पिशवीत टाकलं.

"हे घरी नेते," ती म्हणाली. "त्या मेल्याने काय केलं होतं ते मला कळायलाच हवं."