दमली की थांबायचं

"म्हात्रे सर, ह्या तिघींना पाच-पाच."

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून रीमा मिसचा आवाज आला आणि शाळेच्या बसच्या सावलीत टाच चोळत बसलेले दशरथ म्हात्रे उठले. वर बघायचीही गरज नव्हती. नववीचा दुसरा तास म्हणजे गणित, गणित म्हणजे गृहपाठाची तपासणी आणि तपासणी म्हणजे फेऱ्या. हा रिवाज शाळेत इतका मुरला होता की कारणबिरण कुणी सांगतच नसे. वही आणली नाही, मार फेऱ्या. नखं वाढली, मार फेऱ्या. तासाला बडबड केली, बाकाखाली डबा उघडला, चल खाली म्हात्रे सरांकडे. छडी कायद्याने गेली तेव्हापासून मैदान हीच शाळेची छडी झाली होती, आणि ती धरायला सर होतेच.

मैदान तरी कसलं म्हणा. दोन्ही बाजूंना टॉवर, तिसरीकडे शाळा, आणि उरलेल्या जागेत अर्ध्यावर बसगाड्या उभ्या. सर नोकरीला लागले तेव्हा इथून पेणकरपाड्यापर्यंत नजर जायची. आता चेंडू जरा जोरात मारला तर तो कुणाच्या तरी बाल्कनीत जातो आणि वरून हिंदीत चार शब्द ऐकायला मिळतात.

तिघी खाली आल्या. दोघी हसत होत्या, त्यांना वर्गातून सुटल्याचाच आनंद. तिसरी समिधा. ती मात्र नेहमीसारखी मान खाली घालून आली. अंगाने जरा जाड, धाप लवकर लागायची. तिची आई काशीगावात पोळीभाजी केंद्र चालवते, संध्याकाळी पोळ्या लाटायला पोरगी लागते, मग गणितं कधी करणार? हे सरांना ठाऊक होतं, रीमा मिसलाही ठाऊक होतं. ठाऊक असून काय करायचं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

सरांनी शिट्टी मारली. तिघी धावायला लागल्या. गॅलरीत पोरं गोळा झाली, कुणीतरी ओरडलं, "ए, जेसीबी आली रे." समिधाने वर पाहिलं नाही. ती ओठांतल्या ओठांत फेऱ्या मोजत होती.

*

सुट्टीत शिपाई निरोप घेऊन आला, मुख्याध्यापिका बोलावतायत. सुरुची सामंत मॅडम दादरहून इकडे राहायला आलेल्या, बोलायला गोड, पण गोड बोलून काम सोपवायची हातोटी अशी की माणूस बाहेर आल्यावर त्याला कळावं आपण काय कबूल करून बसलोय.

"बसा, सर. वरून पत्रक आलंय. मुलांचा फिटनेस. शाळेच्या आधी अर्धा तास खेळ, धावणं, व्यायाम. आणि सक्ती करायची नाहीये, मुलं स्वतःहून आली पाहिजेत."

"चांगलं आहे की, मॅडम."

"चांगलं आहेच. पण स्पष्ट सांगते. ट्रस्टला ते मैदान पूर्ण बसेसना हवंय. रस्त्यावर गाड्या उभ्या राहतात, सोसायट्या तक्रार करतात. तुम्ही एप्रिलमध्ये रिटायर होताय, तुमच्या जागी कुणाला घेणार नाहीत ते. मी म्हटलं, आधी हा क्लब करून बघू. सोमवारी मुलं आली तर मला भांडायला तोंड राहील. नाही आली तर मी काय सांगणार, सर? रिकाम्या मैदानासाठी कोण भांडतं?"

सर मान हलवून बाहेर आले. जिन्यात थांबले. टाच ठणकत होती, पण खूप दिवसांनी त्यांना बरं वाटलं. अर्धा तास. रोजचा. कुणी 'सर, पोर्शन राहिलाय, तुमचा तास द्या ना' म्हणून मागायला येणार नाही असा अर्धा तास. इतकी वर्षं त्यांचा पीटीचा तास म्हणजे शेजाऱ्याकडची साखर झाली होती, ज्याला हवी त्याने वाटी घेऊन यावं.

दुपारीच ते वर्गावर्गांतून हिंडले. आठवीत गेले. पोरं उभी राहिली.

"बसा. सोमवारपासून सकाळी साडेसहाला मैदानावर यायचं. धावायचं, खेळायचं."

वर्ग चिडीचूप. मागच्या बाकावरून एकाने भीतभीत विचारलं, "सर, पण आम्ही काय केलं?"

वर्ग हसला. सरही हसले. मग त्यांच्या ध्यानात आलं, की विचारणारा हसत नव्हता.

"अरे, शिक्षा नाहीये. मजा म्हणून."

"किती फेऱ्या, सर?" दुसऱ्याने विचारलं.

"फेऱ्याबिऱ्या नाही रे बाबांनो. ज्याला यायचंय त्याने यायचं." सरांनी वर्गावर नजर फिरवली. "कोण कोण येणार?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. एकही हात वर झाला नाही. सातवीत तेच, नववीत तेच. दहावीची पोरं तर क्लास आहे म्हणून मोकळी झाली. संध्याकाळी स्टाफरूममध्ये सरांनी हे सांगितलं तर रीमा मिस वह्या तपासता तपासता म्हणाल्या, "सोप्पं आहे सर. जे येणार नाहीत त्यांना पाच फेऱ्या द्या. धावत येतील."

मिस काही वाईट नव्हत्या. खरंच मदत म्हणून सांगत होत्या. सर पाणी प्यायले आणि घरी निघाले.

*

मुर्ध्याला घर अजून जुन्या जागेवर होतं, फक्त समोरच्या मिठागरांच्या जागी आता पत्र्याची कुंपणं आणि इमारतींची चित्रं आली होती. सरांचे वडील त्या मिठागरावर कामाला होते. लहानपणी भाकरीचं फडकं घेऊन दशरथ बांधावरून जो सुटायचा तो वडिलांपाशीच जाऊन थांबायचा. येताना तर हातही मोकळे. खाडीला भरती लागली की पाणी बांधालगतच्या नाळीतून आत शिरायचं, आणि त्या पाण्याच्या पुढे पळायचं हा त्याचा रोजचा खेळ. अनवाणी, तोंडाला खारा वारा, दम लागला की बांधावरच उताणं पडायचं. ह्याच धावण्याने त्यांना पुढे शाळेत बक्षिसं दिली, कॉलेज दिलं, ही नोकरी दिली. आणि नोकरीने काय केलं, तर तेच धावणं पोरांना औषधासारखं पाजायला लावलं.

"तोंड कशाला पाडून बसलाव?" सरांच्या बायकोने, मंदाने चहा पुढे ठेवत विचारलं.

"पोरं यायला तयार नाहीत गं. मजा म्हणून धावायला बोलावलं तर विचारतात, आम्ही काय केलं."

"मंग, येनार कशी? आपला रोहित जेवत नसला का मी काय सांगायची? पप्पांना सांगून फेऱ्या मारायला लावीन. गप जेवायचा." मंदा हसली. "आता बघा, तिशीत पोट सुटलाय, पन सांगा धावायला. धावतो काय? न्हाय."

सरांना हसू आलं नाही. मंदाचंही ओसरलं. ती त्यांच्याजवळ बसली.

"मी आपली मस्करी केली. पन एक सांगा, तुमी बांधावर धावायचाव तवा कोनी शिट्टी मारली व्हती काय?"

सरांनी चहा बशीत ओतला. बशीत ओतलेला चहा तसाच निवला. त्यांना वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणंही थकलेलं होतं, जुन्या दुखण्यासारखं. आता एप्रिलपर्यंत काय सुधारणार, असं त्यांच्या मनात आलं. पण रविवारी संध्याकाळी ते शाळेत गेलेच. ड्रायव्हर लोकांना हातापाया पडून बस बाहेर रस्त्यावर लावायला लावल्या. वॉचमनकडून झाडू घेतला, खडे वेचले, आणि फक्कीचं पोतं काढून मैदानाला पांढरी रेघ मारली. गोल, सबंध मैदानाला वळसा घालणारी. गाड्या नव्हत्या तर मैदान बरंच मोठं दिसत होतं. सर कमरेवर हात ठेवून ते बघत उभे राहिले.

*

सोमवारी सहा वाजताच सर हजर. दिवाळी होऊन गेलेली, हवेत जरासा गारवा. साडेसहा झाले. कुणी नाही. फाटकातून एक कुत्रं आलं, रेघ हुंगून गेलं. वर गॅलरीत सुरुची मॅडम मोबाइल घेऊन उभ्या होत्या, त्यांना ट्रस्टला फोटो पाठवायचा होता. मॅडमनी वरूनच हाताने विचारलं, काय? सरांनी हातानेच सांगितलं, थांबा जरा.

आणि फाटकातून समिधा आली.

सरांना आधी वाटलं, चुकून लवकर आली असेल. पण तिने दप्तर पायरीवर ठेवलं, बुटांच्या नाड्या घट्ट केल्या, आणि न विचारता, न सांगता रेघेवरून धावायला लागली. सबंध शाळेतून ही आली. हिला सगळे हसतात, ती आली. "शाब्बास, समिधा," ते मोठ्याने म्हणाले. वर मॅडमनी फोटो काढला आणि त्या जिना उतरायला लागल्या.

दुसऱ्या फेरीला समिधा धापा टाकत सरांजवळ थांबली.

"बस थोडी. एवढी घाई नाही," सर म्हणाले. "बरं झालं आलीस. कसं काय यावंसं वाटलं?"

"सर, आज पण गणितं नाही झाली." तिने ओढणीने कपाळ पुसलं. "काल मोठी ऑर्डर होती. दुसऱ्या तासाला मिस पाठवतीलच ना खाली. मग सगळे गॅलरीत येतात. म्हटलं, आत्ताच मारून घेते. कोणी नसतं. पाच झाल्या की तुम्ही सांगाल ना मिसना?"

सरांनी नजर रेघेकडे वळवली. तिला वाटलं, ते रागावले.

"चालणार नाही का, सर?"

"ही शिक्षा नाहीये गं, समिधा."

"हो सर," ती म्हणाली. मोठ्या माणसाला म्हणायचं म्हणून म्हणतात तसं.

"खरंच सांगतोय. आज दुसऱ्या तासाला तू खाली यायचं नाहीस. आलीस तरी मी शिट्टी मारणार नाही. मिसशी मी बोलतो. आता फक्त धाव. मोजू नकोस."

समिधा विचारात पडली. मग तिने अगदी मनापासून विचारलं, "मग थांबायचं कधी?"

सरांना ते उत्तर येत होतं. लहानपणापासून येत होतं. पण इतक्या वर्षांत ते कुणाला सांगायची वेळच आली नव्हती.

"दमलीस की," ते म्हणाले.

ती गेली. तेवढ्यात मॅडम जवळ पोचल्या. "एकच ना, सर? असू दे. एक तर एक. स्वतःहून आली, फोटोही छान आलाय. मी ट्रस्टला सांगते, सुरुवात झाली. महिनाभर तरी मिळेल आपल्याला."

सरांनी मैदानाकडे पाहिलं. फक्त हो म्हणायचं होतं. एक महिना म्हणजे काही कमी नाही, महिन्याभरात चार पोरं आली असती, कदाचित दहा. आणि त्या फोटोखाली नाव लागलं असतं, हौसेने धावणारी मुलगी.

"ती स्वतःहून नाही आली, मॅडम," सर म्हणाले. "शिक्षा आधीच भोगून घ्यायला आलीय. वर्गासमोर नको म्हणून. तिचा तो फोटो नका पाठवू."

मॅडमनी मोबाइलकडे पाहिलं, मग समिधाकडे. "मग गाड्यांचं मला आता थांबवता येणार नाही, सर," त्या शेवटी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. फोटो त्यांनी सरांच्या समोरच पुसला आणि त्या आत गेल्या.

रस्त्यावर हॉर्न वाजला. पहिली बस पोरांना रस्त्यावरच्या दारापाशी उतरवून फाटकाशी आली होती. सरांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली आणि लंगडत जाऊन ते फाटकात, बसच्या पुढ्यात उभे राहिले.

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "सर, अंदर लेनी है. ट्रस्ट का फोन आयेगा अभी."

"ले लेना. वो लडकी दौड रही है."

"कितना टाइम लगेगा?"

"पता नहीं," सर म्हणाले. "थकेगी तब रुकेगी."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. सरांनी मागे वळून पाहिलं. समिधा पलीकडच्या टॉवरच्या सावलीतून उजेडात येत होती, पांढऱ्या रेघेवरून, सबंध मोकळ्या मैदानात एकटी. घाई नव्हती तिला. गॅलरीत अजून कुणी नव्हतं. ती सरांच्या समोरून गेली तेव्हा त्यांनी हात वर केला आणि तीही जरा हसली.

तिचे ओठ मात्र अजून हलत होते.