लाल चिठ्ठी आणि अकरापर्यंतचं मौन

"मौन धरतीस तर धर बाई, पण समोर कुणी अडलं असंल तर त्याच घडीला सोड. देव त्याचा राग मानत नाय. सोडशील ना?"

"व्हय, सोडीन," असं रूपानं आईच्या हातावर हात ठेवून कबूल केलं होतं. आईला, गोजरबाईला, जाऊन चार वर्षं झाली, पण दर चातुर्मासात तो आवाज तिच्या कानात यायचाच. यंदाही रूपानं सकाळी अकरापर्यंतचं मौन धरलं होतं. पहाटे पोथीचा अध्याय, तुळशीला पाणी, मग पुंडलिकनगरहून स्कूटीवर औरंगपुऱ्यातलं ऑफिस.

तिथं दहाच्या ठोक्याला सगळी टीम भिंतीवरच्या बोर्डापुढं उभी राहायची. काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय, एकेकानं सांगायचं. अडलेल्या कामाची लाल चिठ्ठी लागायची आणि ते सोडवणाऱ्यानं खाली आपलं नाव लिहायचं. रूपा तोंडानं सांगण्याऐवजी लिहून लावायची. टीमचे प्रमुख राजेंद्र सर बजावायचे, "ताईंच्या व्रताला कुणी धक्का लावायचा नाही."

पूर्वी लाल चिठ्ठीखाली बहुतेक रूपाचंच नाव असायचं. सात महिन्यांपूर्वी श्रेया आली आणि चातुर्मास लागल्यापासून सगळं पालटलं. पोरगी अजून नोकरीत कायमसुद्धा झाली नव्हती, पण कुणाचं काही अडलं की "मला विचारा ना" म्हणत ही आधी पुढं. निम्मं चुकीचं सांगायची, वर हसायची. टीममधला सम्यक तर तिला 'चौकशी खिडकी' म्हणायचा. दहा ते अकरा तिच्या टेबलाभोवती जत्रा आणि रूपाच्या टेबलाकडं चिटपाखरू नाही. एवढंच असतं तर रूपानं गिळलं असतं. पण ऑफिसच्या खिडकीत तिनं लावलेली तुळस, तिलाही श्रेया पाणी घालायला लागली, आणि ती तुळस मेली नाही, उलट तरारली. त्या हिरव्या शेंड्यांकडं रूपा पुन्हा पुन्हा पाहायची. देवाच्या झाडावर जळतेय आपण, हे कळायचं, आणि तरी जळणं थांबायचं नाही.

सोमवारी श्रेयाची लाल चिठ्ठी लागली. करमाडच्या गोदामात मका घेऊन ट्रॅक्टर यायचे. काट्यावरचं वजन थेट कॉम्प्युटरमध्ये उतरायचं, ते या टीमचं काम. यंदा रोज दुपारी एकनंतर प्रत्येक वजन शून्य येत होतं.

रूपानं चिठ्ठी वाचली आणि तिला तिथंच कळलं. दोन वर्षांपूर्वी माहेरी जाताना ती त्या काट्यावर पुरी दुपार बसली होती. वजनाचा आकडा दाखवणारा डबा सकाळी कॉम्प्युटरबरोबर चालू केला की आपोआप जोडला जातो, पण मध्येच बंद केला की ती जोडणी विसरतो. मग त्याचं शेवटचं बटण दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरावं लागतं. तेव्हा तिनं डब्यावर 'मध्येच बंद करू नये' असा कागद चिकटवला होता. यंदा रंगरंगोटीत तो गेला असणार, आणि काट्यावर आलेला कारभारी नावाचा नवा माणूस जेवायला जाताना डबा बंद करून जात असणार.

एका ओळीचं उत्तर. तिनं पेन उचललं. तेवढ्यात सम्यक म्हणाला, "चौकशी खिडकी आहे ना, सुटेल," आणि सगळे हसले. रूपानं पेनाला टोपण लावलं. आपलं मौन आहे, तिनं मनाला सांगितलं. अकरानंतर मौन नव्हतं, पण तेव्हाही ती बोलली नाही.

मंगळवार गेला, बुधवार गेला. श्रेयानं प्रोग्रामची ओळन्‌ओळ उकरली. कारभारीला फोन लावला तर तो म्हणाला, "सगळं चालूच हाय की मॅडम!" आणि फोन लावला त्या घडीला डबा चालूच होता. बुधवारी संध्याकाळी रूपानं देवापुढं दिवा लावला, पण पोथीवरचं लक्ष उडालं. आईचा आवाज नेमका 'समोर कुणी अडलं असंल तर' या शब्दांपाशी येऊन उभा राहायचा.

गुरुवारी राजेंद्र सरांचा चेहरा गंभीर होता. "उद्या गोदामाचे मालक बघायला येतायत. श्रेया, तुझ्या कायम होण्याचा कागदही उद्याच आहे. हे सुटलं नाही तर मी तरी काय बोलू?"

"माझ्यानं नाही होत, सर," श्रेया म्हणाली. त्या दिवशी ती हसली नाही.

सगळे जागेवर गेले. श्रेया तांब्या घेऊन तुळशीपाशी आली, रूपाच्या टेबलाशेजारीच. खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, तुम्ही बोलू नका, नुसतं ऐका. उद्यापासून मी नसले तर सम्यकला सांगून ठेवलंय. अकरापर्यंत सगळ्यांनी त्याच्याकडं जायचं. नाहीतर येतात सरळ तुमच्याकडं, आणि तुमचा नियम मोडतो. मीच पुढं व्हायचे म्हणून... चुकायचं माझं निम्मं, पण तुमच्यापर्यंत यायचे नाहीत."

रूपानं घड्याळ पाहिलं. दहा वाजून वीस मिनिटं.

"कारभारी जेवायला जाताना डबा बंद करतो," ती म्हणाली.

"अहो ताई! अकरा नाही वाजले!"

"नाही वाजले. डबा परत चालू केला की शेवटचं बटण दाबून धरावं लागतं. दहा मोजेपर्यंत." ती थांबली. मग म्हणाली, "मला हे सोमवारीच ठाऊक होतं."

श्रेयाच्या हातातला तांब्या कलला. तांब्यातलं पाणी कुंडीबाहेर सांडलं.

"सोमवारी?" ती म्हणाली. "मी काल रात्री रडले, ताई." आणि तांब्या तिथंच ठेवून ती निघून गेली.

रूपा तिच्यामागं गेली नाही. तिनं फडक्यानं खिडकी पुसली, मग बोर्डापाशी जाऊन लाल चिठ्ठीखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'कारण सोमवारपासून माहीत होतं, मी सांगितलं नाही. श्रेयाचा दोष नाही. रूपा.' राजेंद्र सर मान वर करून वाचत होते, ते तिनं पाहिलं, पण ती थांबली नाही.

एक कोरा कागद, चिकटपट्टी आणि जाड पेन तिनं पिशवीत टाकलं. कारभारी एकला जेवायला उठतो. त्याआधी काट्यावर पोहोचायला हवं होतं. ती जिना उतरली, स्कूटी गर्दीतून हळूच बाहेर काढली आणि करमाडकडं जाणाऱ्या जालना रोडची वाट धरली.