नीया की नीदा

ओविड मेरास्टी शहरातल्या आम्हा क्री लोकांच्या मैत्री केंद्रात पहिल्यांदा आले ते सुपासाठी. दुसरं काही नको होतं त्यांना. सारी हयात उत्तरेच्या तळ्याकाठी सापळे लावण्यात आणि मासे धरण्यात गेलेली. मूत्रपिंडं निकामी झाली आणि डायलिसिससाठी सास्काटून शहरात येऊन राहावं लागलं, पुतण्याच्या घरी, सोफ्यावर. आमच्याकडे यायचे, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून मूस हरणाच्या मटणाचं सूप प्यायचे, जाड बॅनक भाकरीचा तुकडा खिशात टाकायचे की निघाले. स्वयंपाक माझ्याकडे. मी रोज विचारायचे, "काय मोशुम, बरं आहे ना?" मोशुम म्हणजे आजोबा. ते नुसती मान हलवायचे.

स्वयंपाकघराला लागूनच पोरांची खोली आहे. तिथे डेल्फीनमावशी लहान मुलांना आमची क्री भाषा शिकवते. ती माझी सख्खी मावशी नव्हे, पण शहरात वाढलेल्या आम्हा सगळ्यांचीच ती मावशी. ती दक्षिणेच्या माळरानाकडची, आणि आवाज असा की भांडी वाजावीत.

"'मी'ला आपल्या भाषेत काय म्हणतात? नीया!" ती एकदा म्हणाली.

"नीया!" पोरं ओरडली.

"नीदा," दारातून आवाज आला. ओविड सुपाचा वाडगा घेऊन उभे होते.

मावशी वळली. "काय म्हणालात?"

"नीदा. जीभ दातांत धरून. आमच्या उत्तरेत असंच म्हणतात. तुम्ही मुलांना अर्धवट शिकवताय."

"जीभ बाहेर काढून बोलायला ही काय धापा टाकणारी कुत्री आहेत?"

"आणि तुमची ती माळावरची बोली? कवळी घरी विसरून आल्यासारखी!"

पोरं खिदळली. मी हातात डाव घेऊन तशीच उभी राहिले. मोशुम चक्क बोलले होते!

मग ते रोजचंच झालं. सूप संपलं की ते खुर्ची ओढून पोरांच्या खोलीत बसायचे आणि मावशीच्या प्रत्येक शब्दात खोड काढायचे. ती चिडायची, पण त्यांची खुर्ची कुणी हलवली तर त्याहून जास्त चिडायची. पोरं दोघांचंही उचलू लागली. शेना बर्ड नावाची एक तरुण आई मागे भिंतीशी बसायची. तिला लहानपणीच सरकारने आईपासून काढून परक्या घरांत वाढवलेलं, क्रीचा एक शब्दही तिच्या कानावर पडला नव्हता. ओठ हलायचे तिचे, आवाज फुटायचा नाही.

पानगळीत रानबदकांचे थवे दक्षिणेकडे निघाले तेव्हा ओविड सूप न घेता आले. टोपीही काढली नाही.

"मी घरी जातो. कायमचा."

"मोशुम, तिथे डायलिसिसचं मशीन नाही," मी म्हणाले.

"ठाऊक आहे. तळं आहे."

मशीन सोडणं म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. मावशी हातातली शिकवायची चित्रं उगाच सारखी करत राहिली. मग म्हणाली, "जा. बरंच झालं. या शहरात नीदा म्हणणारं कुणी उरणार नाही. सगळी पोरं माझ्यासारखी बोलतील. मी केक कापेन."

"कापशील, कापशील. तू तसलीच आहेस!"

"आहेच मी तसली!" म्हणत ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

तेव्हा मागून शेना उठली. लाजेने लालभडक झाली होती. "मोशुम, जायच्या आधी एवढं सांगा. तुमचा तो 'द' मला जमतच नाही. जीभ नेमकी कुठे ठेवायची?"

ओविड तिच्याकडे वळले. मग त्यांनी तोंड उघडलं आणि जिभेचं टोक दातांत धरून दाखवलं. शेनाने करून पाहिलं. थुंकी उडाली. पोरांनीही जिभा काढल्या.

"नी-दा," शेना म्हणाली.

"पुन्हा."

"नीदा."

"चांगलं आहे. पण घाई करतेस." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि खुर्चीत बसले. "नोएला, सूप आहे का गं?"

मी वाडगा भरायला आत पळाले, आणि आत जाऊन पोटभर रडले.

ते गेले नाहीत. हिवाळाभर शेनाला आणि आणखी काही आयांना शिकवत राहिले. उन्हाळ्यात, दोन डायलिसिसच्या मधल्या सुट्टीत, आम्ही केंद्राची गाडी भरून त्यांच्या तळ्यावर गेलो. डास फोडून काढत होते. मावशी गाडीतून खाली उतरेना. "हा तुमचा स्वर्ग का? हाच?" ती काचेआडून ओरडली.

ओविड पाण्यात गुडघाभर उभे राहिले. ओंजळभर पाणी तोंडावर घेतलं, थोडी तंबाखू तळ्याला वाहिली, पुटपुटत काहीबाही बोलले. मग पोरांना मासा साफ करायला शिकवलं. मी मनातून धास्तावले होते. म्हटलं, आता हा माणूस इथून हलणार नाही.

पण निघायची हाक दिली तेव्हा सगळ्यांच्या आधी तेच गाडीत जाऊन बसले, मावशीशेजारी, ओल्या विजारीसकट.

"सरका तिकडे! अंगाला माशाचा वास मारतोय," मावशी म्हणाली.

"मग? ते काय गुलाबाचं तळं आहे?" ते म्हणाले, आणि सास्काटून येईपर्यंत दोघं भांडत राहिले.