व्हॅनला कोण उठवत होतं

सासरे हॉस्पिटलमधून घरी आले त्याच आठवड्यात व्हॅनची बॅटरी पहिल्यांदा उतरली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. घरात तेव्हा इतकी धावपळ होती, की गाडी रुसली तर रुसली, तिच्याकडे बघतंय कोण!

व्हॅन आठ जणांची होती, सरकत्या दारांची. सासऱ्यांनीच ती हौसेनं घेतली होती. आयुष्यभर त्यांनी लांब पल्ल्याची बस चालवली, आणि निवृत्त झाल्यावर जाहीर केलं, "आता फक्त आपली माणसं नेणार." नातींची शाळा, बायकोचा बाजार, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे दवाखाने, सगळं त्या व्हॅनमधून चालायचं. मग एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून ब्रश पडला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पाय थोडाफार सुधारेल, पण हाताची फार आशा धरू नका.

जिना चढणं शक्यच नव्हतं, म्हणून खालची इस्त्रीची खोली रिकामी केली. ती पोर्चला लागून होती. खिडकीखाली पलंग लावला. खिडकीबाहेर व्हॅनचं नाक इतकं जवळ यायचं, की खिडकीची झडप पुरती उघडत नसे. त्यांचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, म्हणाला, गाडी जरा मागे लावतो. त्यावर सासऱ्यांनी डावा हात असा काही झटकला, की विषय तिथेच संपला. पडल्या पडल्या त्यांना ती दिसायला हवी होती.

मग ते सुरू झालं. सकाळी मुली दप्तरं घेऊन बसायच्या, नवरा बटण दाबायचा, आणि गाडी हूं की चूं करायची नाही. शेजाऱ्याची गाडी आणा, जंपरच्या वायरी लावा, मुलींना उशीर, नवऱ्याला उशीर. नवी बॅटरी टाकली. ती दोन-चार दिवस शहाण्यासारखी वागली आणि पुन्हा बसली.

गाड्यांचं वायरिंग करणारा एक माणूस घरी यायचा. थुलथुलीत, बोलका, सतत स्वतःशी गुणगुणणारा. मुलींनी त्याचं नाव फ्यूजमामा ठेवलं होतं, आणि ते त्याला इतकं आवडलं होतं, की फोनवरही तो तेच सांगायचा. त्यानं आधी पुढच्या काचेवरचा कॅमेरा काढला. मग मागचा चार्जर काढला. मग सरकत्या दाराच्या दिव्यावर संशय घेऊन तोही काढला. प्रत्येक वेळी हात पुसत म्हणायचा, "आता बघा!" शेवटी शेवटी त्याच्या 'आता बघा'ला घरात कुणी भीक घालेना.

"मामा, यंत्र पाहून पाहून तुम्हीच दमलात," सासूबाई एकदा म्हणाल्या. "तिला काही झालेलं नाही. यांच्याशिवाय तिला करमत नाही, एवढंच."

"काकू, तसं असतं तर बरं झालं असतं हो," मामा म्हणाला. "प्रेमाला मीटर नसतो."

एका रविवारी दुपारी तो चांगला वेळ काढून आला. बॅटरीची एक वायर सोडवून त्यानं मधे मीटर जोडला. दाराच्या कुलपात स्क्रूड्रायव्हर घालून ते असं फिरवलं, की दार उघडं असूनही गाडीला ते बंद वाटावं. मग दोन खुर्च्या मागवल्या आणि म्हणाला, "आता वाट बघायची. ती झोपेपर्यंत."

सून चहा घेऊन आली होती, ती तिथेच थांबली. ती कानांच्या तपासणीच्या केंद्रात कामाला होती. काचेच्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, त्याच्या कानात बारीक आवाज सोडायचा, ऐकू आला की त्यानं बोट वर करायचं. दिवसभर ती अनोळखी माणसांच्या बोटांकडे बघत बसायची. तेव्हा वाट बघण्याचं तिला वावडं नव्हतं.

"बंद तर आहे की गाडी," ती म्हणाली.

"बंद आहे, झोपलेली नाही. वहिनी, हिच्या पोटात ठिकठिकाणी छोटे छोटे मेंदू आहेत. दाराचा वेगळा, रेडिओचा वेगळा. आपण कुलूप लावून गेलो, की ते एकेक करून झोपतात. हे बघा."

मीटरवरचा आकडा खाली येत होता. एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं. खाली यायचा, थबकायचा, आणखी खाली यायचा, घरातल्या खोल्यांचे दिवे एकामागून एक मालवत जावेत तसा. सून बघतच राहिली. रोज मुलींना कोंबून नेणारा हा पत्र्याचा डबा रोज असा अंग सैल सोडत झोपी जात असेल, हे तिला माहीतच नव्हतं. आकडा अगदी तळाला गेला. मामा हलक्या आवाजात म्हणाला, "झोपली."

आणि आकडा ताडकन वर उडाला.

कुणी दाराला हात लावला नव्हता. मुली गच्चीवर होत्या. आकडा थोडा वेळ वर राहिला, मग हळूहळू उतरला. निवांत झाला म्हणेपर्यंत पुन्हा उडाला. मग बराच वेळ काही नाही. मग लागोपाठ दोनदा.

"कुणीतरी हिला उठवतंय," मामा पुटपुटला. त्याचं गुणगुणणं थांबलं होतं.

सून मीटरकडे झुकली. का, ते तिला आधी कळेना. मग कळलं. हे असं थांबणं, चाचपडणं, पुन्हा यायचं की नाही असं अडखळणं तिच्या रोजच्या ओळखीचं होतं. "मामा," तिनं विचारलं, "बिघाड असा येतो का हो? अडखळत?"

"नाही येत. बिघाड बिनडोक असतो. एकसारखा येतो."

मामानं फ्यूज उपसायला सुरुवात केली. एक काढायचा, बघायचा, परत बसवायचा. एक छोटासा फ्यूज काढला आणि आकडा जो तळाला बसला, तो हललाच नाही. "हा चावी ओळखणाऱ्या भागाचा," तो म्हणाला. "चावी खिशात असली की गाडी आपोआप ओळखते ना? त्यासाठी ही सारखी हाक मारत असते, बारीक. आपल्याला ऐकू येत नाही. चावी जवळ असेल तर ती ओ देते. ओ आली की ही जागी होते. तुमची चावी कुठाय?"

"यांच्याकडे. हे वर आहेत."

"वरून नाही पोचणार. दुसरी?"

दुसरी चावी सासरे आजारी पडले तेव्हापासून सापडत नव्हती. त्या गडबडीत कुठेतरी पडली असणार, असं धरून सगळे मोकळे झाले होते. मामानं व्हॅनच्या नाकाकडे पाहिलं, नाकासमोरच्या खिडकीकडे पाहिलं. "या खोलीत काय आहे?"

नवऱ्याला खाली बोलावलं. सासूबाईही आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, चावी ना? ती यांच्या मुठीत आहे."

"मुठीत?" नवरा ओरडलाच. "आई, आम्ही सगळं घर पालथं घातलं!"

"मला कुणी विचारलंत? त्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं सांगितलं होतं, मूठ आवळून बसते, तळहातात रुमालाची गुंडाळी ठेवा. नुसती गुंडाळी हे डाव्या हातानं काढून फेकायचे. एकदा आत चावी घालून पाहिली, तर कसे शांत झाले. मी म्हटलं, राहू दे. चावीच आहे, काही साप नाही."

फ्यूजमामा मटकन खुर्चीत बसला आणि पोट धरून हसायला लागला. "काकू, दोन बॅटऱ्या खाल्ल्या हो तुमच्या रुमालानं!" सगळेच हसले. मुली वरून विचारायला लागल्या काय झालं. एवढ्या दिवसांचं कोडं सुटलं होतं, नवऱ्याचा जीव भांड्यात पडला होता. मामानं फ्यूज परत बसवला आणि सामान आवरायला घेतलं.

"पण मामा," सून म्हणाली, "चावी तर चोवीस तास तिथेच असते. मग ही सारखी जागी का राहत नाही? मधेच का उठते?"

"ही चावी हुशार आहे ना. पडून राहिली की तीपण झोपते, तिची बॅटरी वाचावी म्हणून. मग गाडीनं कितीही हाका मारल्या तरी. हलली, की जागी होते नि ओ देते." तो सहज बोलून गेला. पक्कड पिशवीत टाकता टाकता त्याचा हात थांबला.

मीटर अजून जोडलेला होता. आकडा तळाला होता.

"आई," सुनेनं विचारलं, "चावी कुठल्या हातात आहे?"

"उजव्या. दुसरी कुठली मूठ आवळते?"

आकडा वर उडाला.

सासूबाई इथेच उभ्या होत्या. नवरा इथेच होता. खोलीत सासऱ्यांशिवाय कुणीही नव्हतं.

नवरा चप्पल न काढता आत धावला. खिडकीतून त्याचा आवाज आला, "बाबा, हात हलवा. बाबा, उजवा हात!" सून मीटरकडे डोळे लावून बसली. काही नाही. "बाबा, थोडासा!" काही नाही. आकडा उतरून तळाला गेला आणि तिथेच राहिला. नवरा विनवत होता आणि काहीच होत नव्हतं. सासूबाईंनी पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं. मामा हळूच म्हणाला, "डाव्या हाताचा धक्का लागत असेल. किंवा कूस बदलत असतील."

सुनेनं मान हलवली. काचेच्या खोलीत बसलेल्या माणसावर डोळे रोखले, तर त्याला नीट ऐकू येणारा आवाजही ऐकू येईनासा होतो, हे तिला ठाऊक होतं. ती खिडकीशी गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "त्यांना काही सांगू नकोस. तिकडे तोंड करून बस. फक्त पांघरूण काढ आणि डावा हात पोटावर ठेव."

तो भिंतीकडे तोंड करून बसला. कुठेतरी नळ गळत होता. सून खिडकीच्या कडेनं, सासऱ्यांना दिसणार नाही अशी उभी राहिली. डावा हात पोटावर होता, पंजा उताणा. उजवा गादीवर होता, रुमालासकट. पांढराफटक, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

सासरे व्हॅनकडे बघत होते. त्यांनी श्वास आत घेतला. जबडा आवळला. कपाळावरची शीर फुगली. एवढा आटापिटा चालला होता, की कुणाला वाटावं ते पलंगच उचलतायत. आणि मग अंगठा, नुसता अंगठा, तांदळाच्या दाण्याएवढा रुमालावरून सरकला.

"उडाला!" मागून मामा ओरडला. "वहिनी, उडाला!"

सुनेनं नुसतं बोट वर केलं.

किती दिवस चाललं होतं हे? किती रात्री? सगळं घर झोपलेलं असताना हा माणूस एकटा, काळोखात, मेलेल्या हाताला हाका मारत होता. सांगायला तोंडात शब्द नव्हते. कुणाला दिसलं नाही, डॉक्टरीणबाईंना दिसलं नाही, उशाशी झोपणाऱ्या बायकोला दिसलं नाही. भिंतीपलीकडच्या गाडीला तेवढं कळलं होतं. तो जेव्हा जेव्हा जिंकला, तेव्हा तेव्हा ती जागी झाली होती, आणि तो इतक्या वेळा जिंकला होता, की सकाळपर्यंत तिच्यात त्राण उरत नव्हतं.

सासूबाई आत जाऊन पलंगाच्या कडेला बसल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "मला उठवायचं तरी." आणि मग आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तो हात रुमालासकट दोन्ही हातांत घेतला. फ्यूजमामा पोर्चमध्ये डोळे पुसत होता आणि ग्रीसचा काळा पट्टा गालभर ओढत होता.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये नवऱ्यानं ही हकिगत सांगितली, तेव्हा डॉक्टरीणबाई आधी सौजन्यानं हसल्या. मग त्यांनी हाताला पट्ट्या लावून यंत्रावर पाहिलं, आणि खुर्ची पुढे ओढून पुन्हा पाहिलं. "आहे," त्या म्हणाल्या. "अगदी थोडं आहे, पण आहे." व्यायाम बदलले. रोज व्यायाम घ्यायला येणारी माणसं बदलली. चावीतला इवलासा सेल काढून टाकला, म्हणजे ती मुठीत राहिली तरी गाडीला त्रास नको. व्हॅन तेव्हापासून एकदाही अडली नाही. मुली मात्र नाराज झाल्या. त्यांना मीटर कायमचा हवा होता.

सगळं काही परत आलं नाही. वाचा चार-दोन शब्दांपुढे गेली नाही, आणि व्हॅन ते पुन्हा कधी चालवणार नाहीत. पण अंगठ्यामागून तर्जनी आली, आणि बऱ्याच महिन्यांनी मधलं बोट.

एकदा सून कामावरून लवकर परतली. खोलीचं पोर्चकडचं दार अर्धं उघडं होतं. सासऱ्यांसमोर ताटलीत शर्टाची बटणं होती. ते एकेक उचलून वाटीत टाकत होते. बटण चिमटीत यायचं, वर जायचं, निसटायचं. ते घरंगळलेलं बटण नजरेनं शोधायचे आणि पुन्हा चिमूट पुढे न्यायचे. घाई नाही, चिडचिड नाही. घाटातल्या वळणावर बस काढताना असेल तसा चेहरा.

तिच्या खांद्यावर पर्स होती, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या. हँडलं बोटांत रुतत होती. ती तिथेच उभी राहिली. एक बटण वाटीत पडलं, टक्क झालं. सासऱ्यांनी दुसरं निवडायला घेतलं. आणखी थोडा वेळ बघून तिनं पिशव्या आवाज न करता खाली ठेवल्या, आणि त्यांची नजर वर यायच्या आत ती मागच्या दारानं घरात गेली.