खंडेनवमीची शेगडी

खंडेनवमीला एकही हत्यार पूजेवाचून राहता कामा नये, हा साजगावच्या त्या स्टोव्हच्या कारखान्यातल्या कामगारांचा कडक नेम. म्हणून फिटर गजानं बंद शेडचं कुलूप काढलं, आत झाकून ठेवलेली गॅसची नवी शेगडी बाहेर आणली आणि यंत्रांच्या रांगेत मांडून तिला झेंडूची माळ घातली. साहेबांनी ती वर्षभर जिवापाड लपवलेली! पूजेला आलेल्या बायकापोरांत मुंबईचा एक दुकानदारही होता. झालं, आठवड्याच्या आत बातमी पेपरात आली आणि कंपनीच्या शेअरचा भाव चढायला लागला.

मुंबईहून फोनवर फोन सुरू झाले. मॅनेजरांनी गेटवर फोन घेणाऱ्या कारकुनाला, भिवाजीला, बोलावून बजावलं, "संचालकांची सभा होऊन शेअरबाजाराला कळवेपर्यंत हो म्हणायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही. त्याआधी कुणा एकाला कळलं तर कंपनी गोत्यात येईल, आणि कंपनीच्या आधी तू. कंपनी अफवांवर बोलत नाही, एवढंच सांगायचं."

सगळ्यांनी हळदकुंकू वाहिलेली शेगडी, ती म्हणे अफवा! गजाला शिक्षाही करता येईना. केली तर शेगडी आहे हे कबूल केल्यासारखं. गजाला वाटलं, साहेब आपल्यावर खूश आहेत.

भिवाजीला मात्र अन्न गोड लागेना. फोन जोडून देताना त्याच्या कानावर पडलं होतं: शेगडी गुजरातेत बनणार आणि इथलं वातीच्या स्टोव्हचं खातं बंद होणार. गजा त्याच खात्यातला, आणि भिवाजीच्या थोरल्या बहिणीचा, सोनुबाईचा नवरा. शेजारच्या कागदाच्या कारखान्यात भिवाजीनंच शब्द टाकून गजासाठी जागा मिळवली होती. तिथं आज संध्याकाळी होकार द्यायचा होता. भिवाजी दिवसभर खुर्चीत टेकला नाही. उगाच गेटपर्यंत जायचा आणि परत यायचा.

पाळी सुटली तसा गजा आला.

"भिवा, खरं सांग रं. शेगडी इथंच व्हनार ना?"

"दाजी, तुमी ती कागदवाली जागा घेऊन टाका."

"का रं?"

"असंच."

"असंच कसं? शेगडी व्हनार हाय का नाय, त्ये बोल."

मॅनेजर कचेरीच्या दारातच उभे होते.

"कंपनी अफवांवर बोलत नाही," तो म्हणाला.

गजानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "खोटं असतं तर सरळ नाय म्हनाला असतास! मी पुजली, मीच बनवनार." आणि तो त्या जागेला नकार द्यायला निघून गेला. धावत जाऊन त्याचा हात धरावा, असं भिवाजीला फार वाटलं. पण स्वतःची नोकरी डोळ्यांपुढून हलेना. त्याला स्वतःचीच किळस आली.

सभा झाली, बाजाराला कळवलं गेलं, मग गेटवर खातं बंद होणार असल्याचा कागद लागला. तो भिवाजीनंच चिकटवला. गजानं वाचला आणि डबा तिथंच विसरून घरी गेला.

भाऊबीजेला सोनुबाईनं पाट मांडला, कुंकू लावलं, ओवाळलं. मग ताम्हण खाली ठेवून विचारलं, "भिवा, तुला आधीच ठावं व्हतं का रं?"

आता बोलायला कुणाची बंदी नव्हती. तरी भिवाजीला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना.

"समजलं मला," सोनुबाई म्हणाली आणि ओवाळणी न उचलताच आत गेली.