मेणाचा एक हात

बाबांच्या पद्धतीने गाडी धुवायला दोन बादल्या लागतात. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. साध्या बादलीच्या तळाशी जुनी चाळणी पालथी ठेवायची, म्हणजे फडक्यातली रेती जाळीखाली जाऊन बसते आणि पुन्हा वर येत नाही. टपापासून खाली धुवत यायचं, चाकं शेवटी. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं बाद. उचलून झटकून वापरलं तर त्यातला एक खडा सबंध दारावर रेघ ओढतो. हे मला दहाव्या वर्षापासून पाठ आहे. माझे तेव्हाचे सगळे रविवार पाइप धरून उभं राहण्यात गेले.

बाबा जाऊन दोन महिने झाले होते. गाडी मामाने न्यायची हे पहिल्याच आठवड्यात ठरलं. आईला चालवता येत नाही, मी दुसऱ्या गावी शाळेत शिकवते; उभी राहून गाडी कुजली असती. आईची अट एकच होती, गाडी घरातून जाताना त्यांच्या हातची वाटली पाहिजे. धुऊन, मेण लावून, मगच जाईल. आणि ती गेली की मी निघायचं. खिडकीसमोर त्यांची गाडी उभी असताना आई घरात एकटी राहायला तयार नव्हती.

तर हा सहावा रविवार होता.

मेण नीट बसलं असेल तर त्यावर पाण्याचे थेंब गोल उभे राहतात. पाचही रविवारी संध्याकाळी आई तांब्या घेऊन बाहेर आली, बॉनेटवर पाणी शिंपडलं, आणि पाचही वेळा ते सपाट पसरलं. "नाही गं," ती म्हणायची. "त्यांनी अशी दिली नसती." मग मामाला फोन, मग मुख्याध्यापिकांना फोन. शेवटच्या फोनवर मुख्याध्यापिका शांतपणे म्हणाल्या होत्या, "सोमवारी तुम्ही वर्गावर नसलात तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

या वेळी मामा फोनची वाट न बघता सकाळी दहालाच येऊन थडकला. शेडच्या तोंडाशी खुर्ची ओढून बसला.

"काय मास्तरीणबाई, आज तरी पास करणार का तुमची आई?"

"तिलाच विचार."

"ताईला? लहानपणी तिच्याकडून एक पेन्सिल परत मिळवायला मला वर्ष लागलं. ही तर गाडी आहे."

"ऐकू येतंय मला," आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली. "पेन्सिल माझीच होती."

मी धुऊन घेतलं, कोरडं केलं. फळीवरून डबा उतरवला. झाकणावर बाबांच्या अक्षरात 'मेण' लिहिलेलं. फडकी म्हणजे बाबांचे बनियन. त्यांनी स्वतः फाडलेले जुने केव्हाच संपले होते. आता आई चांगले, न विरलेले कापून देत होती. दर रविवारी दोन. मी काही बोलले नव्हते. कपाटात अजून किती आहेत हे मात्र मी मोजून आले होते.

ड्रायव्हरच्या बाजूच्या दारापासून सुरुवात केली. तिथे आईला नेहमी काहीतरी खुपायचं, म्हणून तिथे मी नेहमी जास्त घासायचे. लहान लहान गोल, एका वेळी हातभर जागा. मागे मामा कुणाचं तरी लग्न मोडल्याची गोष्ट सांगत होता. शेडमध्ये पत्रा तापायला लागला होता. मी फडकं फिरवत होते आणि मनात उद्याच्या तासिका लावत होते: पहिली सातवी, दुसरी मोकळी. फडकं उचललं तर हँडलच्या खाली निळ्याच्या जागी तळव्याएवढा करडा डाग.

मला वाटलं मेण वाळलंय. बोटाने पुसलं. करडंच. पुन्हा पुसलं तर डाग थोडा वाढला. रंग संपला होता, खालचा अस्तराचा थर वर आला होता.

"मामा, जरा इकडे ये."

त्याने डाग बघितला, मग डबा उचलून वास घेतला, चिमूटभर बोटांत चोळलं. "हे मेण आहे? अगं, हे कसं खरखरीत लागतंय बघ. हे रबिंग आहे. रेघा घालवायला लावतात ते."

बाबांची एक खोड होती. कुठलीच वस्तू ते तिच्या डब्यात ठेवत नसत. ज्याचं झाकण घट्ट तो डबा चांगला, आणि चांगल्या डब्यात जी वस्तू आधी वाळेल ती. वरचं नाव बदलायचे कष्ट त्यांनी कधी घेतले नाहीत. त्यांना वासावरून कळायचं. रबिंग ते वर्षातून एकदा, नखाएवढं, श्वास रोखून लावायचे, कारण ते रंगच खरवडतं. मी पाच रविवार सबंध गाडीला ते लावलं होतं. उरलंसुरलं मेणसुद्धा मीच काढून टाकत होते. पाणी उभं राहणार कसं?

"मेण चहाच्या जुन्या डब्यात आहे," आई म्हणाली. ती दारात येऊन उभी राहिली होती. "वरच्या फळीवर, उजवीकडे."

मामा तिच्याकडे बघत राहिला. मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या रविवारपासून. वासच वेगळा येतो."

"आणि तू दर वेळी पाणी शिंपडायला येत होतीस?"

"हो."

"बोलली का नाहीस?"

आईने पदराला हात पुसले. ते कोरडेच होते. "तू विचारलं नाहीस."

मला ओरडायचं होतं. नोकरी, भाड्याची खोली, टेबलावर पडलेल्या वह्या, सगळं तोंडाशी आलं होतं. पण हातातलं फडकं निळं झालेलं दिसत होतं. ते पहिल्या रविवारीही निळं झालं होतं. मेणाने कधी रंग निघत नाही, हे बाबांनी मला पाइप धरायला लावून शंभरदा ऐकवलेलं. पहिल्या दिवशी मी त्या निळ्या बनियनकडे बघितलं, घडी घातली आणि बादलीत टाकलं. मीही विचारलं नव्हतं.

"शाब्बास," मामा म्हणाला. "दोघी मायलेकींनी मिळून गाडीची कातडी सोललीत."

तो खुर्चीत बसला आणि पुन्हा उठला.

आई दाराजवळ वाकली. "आता अशी उघडी कशी द्यायची? रंगवून घेऊ. रंगारी आठ-दहा दिवस म्हणेल फार तर." तिने मान वर केली. "तेवढं थांबशील ना?"

आणि मला हायसं वाटलं. क्षणभर, पण अगदी स्पष्ट. जसं शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यावर वाटतं तसं. रंगाऱ्यानंतर रंग वाळायला महिना, मग मेणाचा पहिला हात, मग दुसरा. कपाटातले बनियन पुरले असते. त्या हायसं वाटण्याने मी जितकी घाबरले तितकी मुख्याध्यापिकांच्या फोनने घाबरले नव्हते.

"नाही," मी म्हणाले. "मामा, आत्ता ने. अशीच."

"अगं पण डाग..."

"तो तुझ्या तिकडे रंगव. किल्ली आतच आहे. आणि मला स्टँडवर सोड."

बॅग भरायला दहा मिनिटं लागली. दोन महिन्यांत मी नवीन असं काही आणलंच नव्हतं. बाहेर आले तेव्हा आई त्या डागावर खरं मेण लावत होती, तीन बोटांनी, पातळ, गोल गोल. बाबांसारखं. मला इतक्या वर्षांत ते तसं जमलं नव्हतं. "गंज चढेल नाहीतर," ती मामाला म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

मी तिच्या जागेवर बसले, डावीकडे. मामाने गाडी सुरू केली. आई फिरून पुढे आली आणि बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. इंजिनाच्या थरथरीने तिच्या बांगड्या किणकिणत होत्या. मामाने क्लच दाबून धरला होता. तो समोर बघत होता, मग माझ्याकडे.

"तूच सांग," तो हळू म्हणाला. "माझं ती ऐकत नाही."

मी काच खाली केली. "आई, बाजूला हो."

आवाज माझा मलाच मोठा वाटला. या घरात आजवर मी कुणाला बाजूला हो म्हटलं नव्हतं. मीच होत आले होते. आईने माझ्याकडे नीट बघितलं, कितीतरी दिवसांनी. मग हात उचलला आणि दोन पावलं बाजूला सरली, शेडच्या भिंतीला पाठ लागेपर्यंत.